एकोणीस सेकंदांची फट

खात्यात त्याला सगळे रेघोबा म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यात मागून म्हणण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे, आणि त्यालाही नसे. एकतीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. पालिकेच्या रस्ते खात्यात तो मोजणीदार होता. घडीची खुर्ची, छत्री आणि चाप लावलेला पुठ्ठा घेऊन सांगितलेल्या कोपऱ्यावर जाऊन बसायचं आणि समोरून जे जाईल त्याची तक्त्यात रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. पाव तास झाला की बेरीज, आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात. अशी नोकरी असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. येणारे-जाणारे त्याला काहीही समजत. कुणाला तो पोलिसांचा खबऱ्या वाटे, कुणाला रद्दीवाला, आणि एक बाई तर पाऊण तास शेजारी ताटकळून शेवटी म्हणाली होती, "अहो, माझा हात कधी बघताय?"

माणूस मात्र कामाला पक्का. मोजणी चालू असताना चहा नाही, बोलणं नाही, ओळखीचा गेला तर मान हलवणं नाही. शिंक आली तरी रेघोबा डोळे उघडे ठेवून शिंकतो, असं खात्यात म्हणत. इतर मोजणीदार दुपारी झाडाखाली एक डुलकी काढत आणि उठल्यावर अंदाजाने वीस-पंचवीस रेघा ठोकून देत. रेघोबाने तसली रेघ कधी ओढली नाही. जे दिसलं ते लिहिलं, जे दिसलं नाही ते लिहिलं नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

त्याच्या हातातला तक्ता मात्र बदलत गेला. तो नोकरीला लागला तेव्हा तक्त्यात पहिला रकाना होता 'पायी जाणारे'. मग सायकली, मग हातगाड्या, बस, ट्रक आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या बोटभर जागेत, मोटारी. सहा-सात वर्षांनी तक्ता नव्याने छापला तेव्हा मोटारी पुढे आल्या आणि पायी जाणारे मागे गेले. त्याच्या पुढच्या छपाईत माणसं आणि हातगाड्या एकाच 'इतर'मध्ये कोंबल्या गेल्या. त्याच्याही पुढच्या छपाईत 'इतर' गेलं, कारण मोटारींचे लहान, मध्यम, मोठ्या असे तीन रकाने करायचे होते आणि कागदाची रुंदी तेवढीच होती. तेव्हा रेघोबाने विचारलं होतं, "साहेब, माणसं कुठे लिहू?" तेव्हाचे साहेब म्हणाले, "गाडीत बसलेली असतील तर गाडी लिही." या उत्तरावर खात्यात पुष्कळ दिवस हसणं चाललं. रेघोबाही हसला होता, हे सांगायलाच हवं.

त्याचं घर एका अरुंद रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली शिंपी, शेजारी न्हावी, पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान. आणि बरोब्बर समोर, तळमजल्यावर, दोन खोल्यांत त्याची ताई. तो सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती. तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतः केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, "एक मूल वाढवून झालंय, आता पुरे." ती पुस्तकं बांधायची. फाटकी पाठ्यपुस्तकं, कचेऱ्यांच्या जाडजूड वह्या, कुणाच्या आजोबांच्या रोजनिश्या. तिच्या हाताला कायम खळीचा वास यायचा आणि दोरा तोडायचा तो दातांनी. दुपारचं जेवण मात्र तिचं भावाकडे. दीड वाजला की हात धुऊन ती बावीस पावलांत रस्ता ओलांडायची.

नणंद-भावजयीचं म्हणाल तर एकमेकींवाचून करमायचं नाही आणि एकमेकींचं पटायचंही नाही. रेघोबाची बायको खिडकीतून ओरडायची, "ताई, आज भाजीत मीठ कमी पडलंय बरं का." ताई खालून म्हणायची, "मग कालच्यातलं जास्तीचं काढून घाल की." मधून एखादी मोटार गेली तर तेवढ्यापुरतं दोघी थांबायच्या. एवढाच रस्ता होता तो.

सहा वर्षांपूर्वी रेघोबाची नेमणूक याच रस्त्यावर झाली. तीन दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ. आपल्याच दारात बसून मोजायचं म्हणून स्वारी खुशीत होती. पण दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर पाण्याचा पाइप फुटला, तिथे खणाखणी सुरू झाली आणि तिकडची सगळी रहदारी या रस्त्यावर लोटली. रेघोबाची पेन्सिल थांबेना. तासाला दीडशे मोटारी जिथे जेमतेम दिसायच्या तिथे अकराशे. जेवायला वर आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, निदान लिहा तरी तिथे, पलीकडे पाइप फुटलाय म्हणून."

"कुठे लिहू?"

"असेल की जागा काहीतरी."

जागा होती. तक्त्याच्या तळाशी 'शेरा' म्हणून एक ओळ होती. पण शेऱ्यात काय लिहायचं याचा नियम त्याला पाठ होता: पाऊस, अपघात किंवा मोजणीदाराची तब्येत, आणि तेही मोजणीच्या रस्त्यापुरतं. पाइप फुटला होता दुसऱ्या रस्त्यावर. "ते त्या रस्त्याच्या तक्त्यात येईल," तो म्हणाला आणि ताक पिऊन खाली गेला. त्या रस्त्याचा तक्ता कुणी भरतच नव्हतं, कारण तो रस्ता बंद होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण नियम तो नियम. संध्याकाळी उलट त्याने ताईला फुशारकीनेच सांगितलं, "आज आपल्या रस्त्यावरून आठ हजार मोटारी गेल्या." जणू त्या तिच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या.

दहा महिन्यांनी भिंतींवर नोटिसा लागल्या. वाहनांची वाढती संख्या लक्षात घेता सदर रस्ता सहापदरी करण्यात येत आहे. खाली आकडे होते, ते रेघोबाचे.

दोन्ही बाजूंच्या घरांची तोंडं दहा-दहा फूट कापली. न्हावी गेला, शिंपी गेला, सायकलवाल्याने तर आधीच कुलूप लावलं होतं. झाडं गेली. ताईची पुढची खोली इतकी उरली की कामाचं मेज भिंतीला लावलं तर दार उघडेना. शेवटी तिने मेजच करवतीने अर्धं करून घेतलं. त्या दिवशी रेघोबाने तिला शेऱ्याची गोष्ट सांगितली. तिच्यापाशी लपवाछपवी त्याला कधी जमली नव्हती. ती करवतीचा भुसा झाडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "चौथीत असतानाही तू असाच होतास. गुरुजींनी विचारलं नाही तर येत असलेलं उत्तरही सांगायचा नाहीस." एवढंच म्हणाली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

रस्ता झाला आणि भरलाही. आधी ज्या मोटारी नव्हत्याच त्या कुठून आल्या देव जाणे, पण आल्या. रुंद रस्ता दिसला की गाडीवाल्याला पंख फुटतात; त्याला तिथे राहणाऱ्यांशी काय देणंघेणं? दोन्ही चौकांत पायी ओलांडायला बंदी केली आणि पायी जाणाऱ्यांची सोय म्हणून पाऊण किलोमीटरवर एक लोखंडी पूल उभारला. चढायला चौसष्ट पायऱ्या, उतरायला चौसष्ट. ज्याने तो आखला त्याने गुडघे नावाची गोष्ट कधी ऐकली नसावी. ताईचे दोन्ही गुडघे तेव्हा कामातून गेले होते. एकदाच ती त्या पुलापर्यंत गेली, खालून वर बघितलं आणि परत आली.

पण रेघोबा एकतीस वर्षं फुकट रस्त्यावर बसला नव्हता. त्याने चार दुपारी खिडकीत घड्याळ घेऊन बघितलं आणि शोध लावला. खालच्या चौकातला सिग्नल लाल झाला की गल्लीतून वळणाऱ्या गाड्या येईपर्यंत अलीकडचे तीन पदर एकोणीस सेकंद मोकळे राहतात. वरच्या चौकाचं तसंच, पलीकडच्या तीन पदरांसाठी. फक्त दुपारी, दीडच्या सुमाराला. मधल्या दुभाजकावर उभं राहायला हातभर रुंदीची जागा होती. ताईला अर्धा रस्ता ओलांडायला लागायचे सोळा सेकंद. म्हणजे तीन सेकंद शिल्लक.

तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत तो मिळेल ती बस धरून घरी यायचा. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात ताईचा हात. "थांब... थांब... चल." दुभाजकावर दोघं वाऱ्यात कपडे सावरत उभे राहायचे, आणि पुन्हा, "चल." वर बायको ताटं घेऊन तयार. जेवण झालं, पंधरा मिनिटं पाय ताणले, की परत तसंच. लोकांना गंमत वाटायची. ताईलाही सुरुवातीला वाटायची. "लहानपणी मी तुला असं न्यायची," ती म्हणायची, "फक्त तू तेव्हा जास्त पळायचास."

गुडघे मात्र सेकंद मोजून दुखत नाहीत. सोळाचे अठरा झाले, अठराचे वीस. या वर्षी बावीस झाले. वरचे तीन सेकंद रेघोबा हात वर करून गाड्यांसमोर उभा राहायचा आणि गाडीवाले काच खाली करून त्याच्या खानदानाचा उद्धार करायचे. एकदा एका मोटारीचा आरसा त्याच्या कोपराला लागून गेला. रात्री बायको कोपर शेकताना म्हणाली, "तुम्हा दोघांपैकी एकाला हा रस्ता खाणार आहे. तुमच्या खात्यात एवढे साहेब बसलेत, एक सिग्नल मागता येत नाही?"

त्याने मागितला. साहेब वयाने लहान, स्वभावाने चांगले, रेघोबाला काका म्हणत. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. नियम होता. एका ठिकाणी तासाला निदान ऐंशी माणसं पायी रस्ता ओलांडत असतील, तर तिथे सिग्नलचा विचार करता येतो. त्यासाठी वेगळा तक्ताही होता. तो कपाटाच्या तळातून शोधून काढावा लागला, कारण नऊ वर्षांत कुणी मागितला नव्हता. "मोजायला तुम्हीच जा काका," साहेब म्हणाले. "तुमचं घर तिथेच आहे म्हणून कुणी बोट दाखवणार नाही. तुमच्या रेघेवर मी डोळे मिटून सही करतो."

मंगळवारी सकाळी रेघोबा ताईच्या दारात खुर्ची टाकून बसला. पिवळा पडलेला तक्ता, 'पायी जाणारे' हा एकच रकाना. कितीतरी वर्षांनी तो शब्द छापलेला बघून त्याला बरं वाटलं. पहिल्या तासात सात रेघा झाल्या. दोन कॉलेजची पोरं, एक वर्तमानपत्रवाला, एक दारुडा, तीन मजूर. दुसऱ्या तासात पाच. दीड वाजता ताईला घेऊन स्वतः गेला आणि परत आला. ते मोजायचे की नाही यावर त्याने बराच विचार केला आणि मोजले नाहीत.

चार वाजेपर्यंत एकूण एकोणचाळीस. सबंध दिवसाचे.

त्याला आधी वाईट वाटलं आणि मग संताप आला, आणि तो संताप स्वतःवर होता की तक्त्यावर हे त्याचं त्यालाच कळेना. समोरच्या तिसऱ्या इमारतीतली म्हातारी बाई पूर्वी दिवसातून चारदा इकडे यायची. ती आता येत नाही, तिची रेघ कुठे ओढायची? शाळेची मुलं आता बसने वळसा घालून जातात, त्यांची? शिंप्याकडे येणारी माणसं, न्हाव्याकडे येणारी? नदीत मगरी सोडायच्या आणि मग काठावर बसून पोहणारे मोजायचे, असला हा प्रकार होता. दिसलं ते लिहिलं म्हणून एकदा रस्ता गेला. आता दिसतं तेच लिहिलं तर ताईही जाणार.

मागून ताई म्हणाली, "किती झाले रे?"

"होतायत," तो म्हणाला.

आणि त्याने पेन्सिल टेकवली. चार उभ्या, पाचवी आडवी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा समोर माणूस नसताना त्याने रेघ ओढली. पहिल्या दहा-बारा रेघा वाकड्या आल्या, मग सुधारल्या. कंजूषपणा करायचा नाही असं त्याने ठरवलं. ऐंशीला पंच्याऐंशी दाखवले तर कुणीतरी शंका घेईल. तासाला दीडशे केले. गर्दीच्या वेळी दोनशे दहा. उठला तेव्हा मनात कसलीच टोचणी नव्हती, उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण खरं लिहिलं असं त्याला वाटत होतं. तक्ता दिला, साहेबांनी बोलल्याप्रमाणे डोळे मिटून सही केली.

ताईला त्याने सांगून टाकलं की आता महिना-दीड महिन्यात सिग्नल येईल. खांबावर बटण असतं, ते दाबलं की गाड्या थांबतात. "सगळ्या?" तिने विचारलं. "सगळ्या." "आणि माझं होईपर्यंत थांबतात?" "चाळीस सेकंद." ती बराच वेळ हसत होती. चाळीस सेकंदांत म्हणे ती जाऊन परतही येईल. मधल्या वेळात तिने बाजारातून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून नव्या चपला मागवून घेतल्या, जाड तळव्याच्या, न घसरणाऱ्या. आणि रेघोबाला म्हणाली, "सिग्नल येईपर्यंत तूही जरा सांभाळून राहा. मला जेवायला नेण्यापायी मरू नकोस."

पाचव्या आठवड्यात, बुधवारी, साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. चेहऱ्यावर आनंद होता.

"काका, आज तुमच्या रस्त्याचं काम सुरू झालं. सकाळीच गाडी गेली."

 रेघोबाने विचारलं, "बटण कुठल्या बाजूला बसवणार?"

"कसलं बटण?"

"सिग्नलचं."

साहेबांनी फाइल उघडली. "सिग्नल नाही हो. वर पाठवली होती मी फाइल. वरच्यांनी आकडे बघितले आणि हबकलेच. मुख्य रस्त्यात तासाला दोनशे माणसं गाड्यांच्या मधून पळतायत, आणि तेही जवळ पूल असताना! म्हणाले, सिग्नल दिला तर दर दोन मिनिटांनी रहदारी तुंबेल. त्यापेक्षा मधून कठडा घाला, चौकापासून चौकापर्यंत. सहा फुटी, वर टोकं." त्यांनी फाइल मिटली. "खरं तर तुमच्यामुळेच इतक्या लवकर मंजूर झालं. दहा-वीस माणसं असती ना, तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. जसं चाललंय तसं चालू राहिलं असतं."

रेघोबाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बस मिळाली ती नेमकी ताईच्या बाजूला थांबणारी. उतरला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दुभाजकावर करड्या लोखंडी जाळ्या एकाला एक जोडून उभ्या होत्या. घरासमोरचा भाग सकाळीच पुरा झाला होता आणि कामगार आता वरच्या चौकाकडे सरकले होते. पलीकडे खिडकीत बायको उभी होती. हाताने विचारत होती, हे काय चाललंय.

ताई दारात खुर्चीवर बसली होती. केस नीट विंचरलेले, हात धुतलेले, पायात नव्या चपला. सकाळपासून ती कामगारांकडे बघत बसली असणार. त्याला बघून म्हणाली, "लवकर आलास ते बरं झालं. ते जाळीचं काम आधी करतात वाटतं. खांब कधी रोवणार?"

तो तिच्याजवळ पायरीवर बसला. उठून समोर उभं राहून सांगणं त्याच्याच्याने झालं नसतं. त्याने सगळं सांगितलं. एकोणचाळीस माणसं, खोट्या रेघा, साहेब काय म्हणाले ते. गाड्यांच्या आवाजात काही वाक्यं त्याला दोनदा म्हणावी लागली, आणि ते फार वाईट होतं.

 ताईने जाळीकडे बघितलं, मग खिडकीतल्या भावजयीकडे.

"म्हणजे तू एकोणचाळीसच लिहिले असतेस," ती म्हणाली, "तर आपण आत्ता गेलो असतो."

"हो."

"तू आणि मी. नेहमीसारखे."

"हो, ताई."

तिने मान हलवली. रागावली नाही, तिचा राग त्याने सहन केला असता. वाकून तिने एका पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्या पायातली, आणि दोन्ही उचलून दाराच्या आत ठेवल्या. दीड वाजला. वरच्या चौकातला सिग्नल लाल झाला असावा, कारण समोरचे तीन पदर मोकळे झाले आणि आवाज एकदम निम्मा झाला. पुन्हा गाड्या येईपर्यंत दोघंही ते रिकामे पदर बघत बसले. 

मग ताई म्हणाली, "तिला सांग, उद्यापासून माझं ताट वाढू नकोस म्हणावं. आणि तू निघ आता. पुलावरून जायचंय तुला, जेवण गार होईल."